पीएचडी झाली. आता पोस्टडॉक, एमआयडीसी की घरचा काजू?

करवंद | ११ ऑगस्ट, रात्री ११:५२

नमस्कार. चार वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात माझी पीएचडीची व्हायवा झाली. विषय मायक्रोबायॉलॉजी. कोळंबीच्या टाक्यांत, पाइपांत व्हिब्रिओ जातीचे जिवाणू थर करून चिकटून बसतात. तो थर धरतो कसा आणि सुटतो कधी, यात माझी सहा वर्षं गेली. लॅब पुण्यातली, घर वेंगुर्ले तालुक्यात, वय ३० पूर्ण. सध्या घरी आहे आणि बाहेर धो धो पाऊस आहे.

परवा शेजारची काकू तवसं घेऊन आली. आईला म्हणाली, "चेडवाचा शिक्षाण सपला काय गो?" आई म्हणाली, "होय, सपला." काकू म्हणाली, "मगे नोकरी खंय?" आईने माझ्याकडे बघितलं. मी तवशाकडे बघितलं.

तर समोर आहे ते असं. जर्मनीतल्या एका लॅबमध्ये दोन वर्षांचा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी, मुलाखत पुढच्या आठवड्यात ऑनलाइन. मैत्रिणीच्या ओळखीने लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्यूसी मायक्रोची, म्हणजे मालाच्या जिवाणू-तपासणीची, जागा. घरापासून दोन तासांवर एका सरकारी प्रकल्पात जागा, करार अकरा महिन्यांचा, पुढचं पुढे. आणि बाबांची काजूची तीनेकशे कलमं. बाबा ६४ वर्षांचे आहेत. ते काहीच म्हणत नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास होतोय.

लाइफ सायन्सेसमध्ये पीएचडी करून कोण कुठे पोचलंय, ते ऐकायचं आहे. "मन काय सांगतं ते ऐक" असलं कृपया लिहू नका. मन रोज वेगळं सांगतं.

गजालवाला | १२ ऑगस्ट, सकाळी ६:३१

पयलो मीच! करवंदा, तवसा गोड होता काय कडू तां आधी सांग.

लोटेकर | १२ ऑगस्ट, सकाळी ९:०५

मी लोटे परशुरामला आहे म्हणून लिहितो. एमएस्सी मायक्रो, पीएचडी नाही. क्यूसीत चौदावं वर्ष.

काम कसं असतं ते सांगतो, म्हणजे स्वप्नं रंगवायला नको. सकाळी पाण्याचे नमुने. मग सेटल प्लेट उघड्या ठेवायच्या, उचलायच्या, इन्क्युबेटरला टाकायच्या, दोन-पाच दिवसांनी वसाहती मोजायच्या, रजिस्टरला सही. एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूंच्या विषाची, टेस्ट असेल तर एलएएल नावाचं रसायन. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्तापासून ते रसायन करतात आणि त्या इवल्या बाटलीची किंमत बघितली की हात आपोआप जपून चालतो. आमच्या अख्ख्या कामात सांगण्यासारखी गंमत एवढीच. बाकी एसओपी, म्हणजे ठरवून दिलेली कामाची पद्धत, ऑडिट, पुन्हा एसओपी. खाडाखोड केली तर एका रेघेने, तारीख घालून, सही करून. तुम्ही संशोधनवाले वहीत डोकं चालवता, इथे वहीत डोकं चालवलं तर डेव्हिएशन, म्हणजे पद्धत मोडल्याची नोंद, निघतं.

पगार वेळेवर होतो हे खरं, आणि ते कमी समजू नका. पण पीएचडीवाल्याची इथे एक अडचण होते. तुम्ही तिशीत खालून सुरू करता आणि तुमचा साहेब पंचविशीत लागलेला एमएस्सीवाला असतो. तो तुम्हाला 'डॉक्टर' म्हणतो आणि त्यात थोडी टोचणी असते. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, हुशार. आठ महिन्यांत गेल्या. काम येत नव्हतं असं मुळीच नाही, 'हे असंच का' हा प्रश्न त्यांना सोडून देता येत नव्हता.

खरं तर पीएचडीला कंपनीत जायचंच असेल तर क्यूसीचं दार चुकीचं. आर अँड डी किंवा प्रोसेस डेव्हलपमेंट बघा. ते लोट्याला फारसं मिळणार नाही. त्याला पुणे, हैदराबाद, बेंगळुरू.

तासिकावाली | १२ ऑगस्ट, दुपारी १:४०

करवंद, तुझ्या यादीत कॉलेज नाही. शहाणी आहेस की तुला कोणी सांगितलेलंच नाही?

मी कोकणातल्याच एका कॉलेजात झूलॉजी शिकवते, तासिका तत्त्वावर. सातवं वर्ष. सीएचबी म्हणजे जितके तास तितके पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षांचा काळ, मे महिना, यांत तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. आणि झालेल्या तासांचे पैसे कधी येतात ते विचारू नकोस. एका वर्षी जून ते डिसेंबरचे मला मार्चमध्ये मिळाले. मुलांना मात्र मी 'मॅडम'च असते, आणि एसटी स्टँडवर ती वाकून नमस्कार करतात तेव्हा माझ्या पर्समध्ये परतीच्या तिकिटाचे सुटे असतात.

नियमांचं चक्रही बघून ठेव. २०१८ च्या यूजीसी नियमांत होतं की जुलै २०२१ पासून विद्यापीठांच्या विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी हवीच. मग मुदत २०२३ पर्यंत ढकलली. आणि ३० जून २०२३ ला अधिसूचना निघाली की नेट, सेट किंवा स्लेट या परीक्षांपैकी एक ही किमान पात्रता, पीएचडी ऐच्छिक. मी तोवर पीएचडीला नाव घालून, रात्री जागून दोन वर्षं घालवली होती. वाया गेली असं नाही म्हणत. पण ज्या कारणासाठी घातली ते कारणच मधल्या मध्ये निघून गेलं.

तुझी नेट झालेली असणार. असली तर जाहिराती बघत राहा, पण नुसतं बघत राहणं हा उद्योग करू नकोस. मी तेच केलं.

कलमकाका | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

बाळ करवंद, मी कृषी विद्यापीठातून निवृत्त झालो आहे. फळझाडं हा माझा विषय. टायपिंग हळू आहे, सांभाळून घे.

तुझ्या बाबांची कलमं वेंगुर्ला-४ आहेत की ७? तुमच्या गावाच्या अंगणातलंच संशोधन आहे ते. वेंगुर्ला-४ ही जात १९८१ साली आली, ७ नंबर १९९७ साली. नीलम आणि हापूस यांचा संकर करून केलेला 'रत्ना' आंबाही १९८१ चा, आणि रत्ना परत हापूसशी जुळवून 'सिंधू' आला १९९२ साली. या तारखा मुद्दाम सांगतो. फळझाडात संकर केला की रोप वाढायचं, फळाला यायचं, मग काही हंगाम ते फळ बघायचं, बी केवढी, साका होतो का म्हणजे आतला गर बिघडतो का, उतारा किती. मोहोराला मोहोर बांधणारा तरुण असतो आणि जात प्रसारित होते तेव्हा त्याचे केस पिकलेले असतात. मी स्वतः जे कलम नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लावलं त्याचा शेवटचा अहवाल माझ्या जागी आलेल्या माणसाने लिहिला.

हे आम्हाला जमलं, कारण नोकरी कायम होती. दोन वर्षांच्या करारावर आंब्यात काम कोण करणार? दोन वर्षांत तर कोय कलमाला धड फांद्याही फुटत नाहीत. म्हणून आता सगळेजण लवकर निकाल देणाऱ्या विषयांत जातात. जिवाणू बरे, रात्रीत वाढतात. तुला दोष देत नाही, करार असे असले की विषयही तसेच निवडले जातात एवढंच म्हणतो.

व्यवहाराचं सांगतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांत शास्त्रज्ञ व्हायचं तर एआरएसची, म्हणजे कृषी संशोधन सेवेची, परीक्षा आहे, ती कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ घेतं. पण तुझी एमएस्सी त्यांच्या विषयांच्या यादीत बसते का, ते आधी बघ. साध्या विद्यापीठाच्या एमएस्सी मायक्रोची पुष्कळ मुलं अभ्यास करून बसतात आणि अर्ज भरताना कळतं की आपली पदवी कुठल्याच रकान्यात जात नाही.

करवंद | १२ ऑगस्ट, रात्री १०:२०

कलमकाका, ४ आणि ७ दोन्ही आहेत. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "काजूक डाग पडतत त्याचा काय तां विचार त्यांका." ढेकण्या आहे हो काका, मलाही दिसतोय. पण माझं शिक्षण जिवाणूंचं, किड्यांचं नाही, हे बाबांना पटत नाही. त्यांचं म्हणणं असं की सहा वर्षं बारीक जीव बघितलेस आणि हा तर डोळ्यांनी दिसतो.

तासिकावाली ताई, हो, नेट-जेआरएफ होती. कोणीतरी फेलोशिप किती मिळते असं व्यनितून, म्हणजे खासगी निरोपातून, विचारलंय, ते इथेच लिहिते. आता जेआरएफला, म्हणजे ज्युनियर फेलोला, महिना ३७,००० आणि एसआरएफला, म्हणजे सीनियरला, ४२,०००, वर घरभाडं. हे १ जानेवारी २०२३ पासून. त्याआधी २०१९ पासून ३१ आणि ३५ हजार होते. ऐकायला वाईट नाही. पण फेलोशिप दोन्ही मिळून पाच वर्षांची, आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत पीएचडीची मुदतच सहा वर्षांची. ते मधलं सहावं वर्ष कोणाचं, हे कोणीच सांगत नाही.

माझं सहावं वर्ष असं गेलं. सकाळी लॅब, संध्याकाळी कोथरूडात अकरावीच्या दोन मुलींच्या शिकवण्या, रात्री परत लॅब. एकदा उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून ट्यूब काढताना मोबाइल वाजला. शिकवणीवाल्या आईंचा फोन, "मॅडम, उद्या जरा लवकर याल का, तिला डीएनए कळलं नाहीये." माझ्या हातात व्हिब्रिओचा डीएनए, हातमोज्यांवर बर्फ, आणि मी त्यांना म्हणतेय, हो, साडेपाचला येते. ती मुलगी पुढे नीटला बसली. मला अजून मेसेज करते.

आधीची पाच वर्षंही पाच कुठे होती? २०२० मध्ये लॅब बंद. २०२१ च्या मे महिन्यात मी घरी असताना तौक्ते वादळ आलं, आठ दिवस वीज नाही, रेंज नाही. तेव्हा लॅबमध्ये माझ्या प्लेट्स कोणी बघायच्या?

राइनकाठी | १३ ऑगस्ट, पहाटे ३:३० (तुमच्याकडचे)

मी मूळचा मालवणचा, जर्मनीत पोस्टडॉकचं पाचवं वर्ष. माझ्या आवशीक अजून कळूक नाय मी नक्की काय करतंय तां. ती लोकांना सांगते, "जर्मनीत डॉक्टर आसा." एकदा गावात कोणीतरी गुडघेदुखीचे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवले होते.

करवंद, इथला पगार बरा. पोस्टडॉक सहसा सरकारी वेतनश्रेणीतला, ई-१३ म्हणतात, विमा-पेन्शन कापून हातात येतं त्यात एकट्याचं छान चालतं. करार संपला तर बेकारी भत्त्याचाही हक्क असतो. आपल्याकडच्या प्रकल्पाच्या नोकरीत हे कुठे?

पण 'दोन वर्षांचा करार' याचा हिशोब मांड. पहिले तीन-चार महिने घर शोधणं, नगरपालिकेत नोंदणी, बँक, लॅबमधल्या गोष्टी कुठे ठेवतात ते कळणं. शेवटचे सहा महिने पुढची जागा शोधणं. म्हणजे काम करायला उरतं चौदा महिने. त्यात पेपर यायचा.

शिवाय इथे कायदा आहे. विद्यापीठात मुदतीच्या करारावर पीएचडीच्या आधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं. त्यापुढे कायम जागा किंवा बाहेरच्या निधीवरचा प्रकल्प नसेल तर रस्ता बंद. हा कायदा किती चांगला हे सांगायला मंत्रालयाने एक अॅनिमेशन फिल्म केली होती. तिच्यातली नायिका हाना, संशोधन करणारी जीवशास्त्रज्ञ. एका पिढीने जागा अडवून ठेवू नयेत म्हणून करार मुदतीचे, असं त्यात समजावलं होतं. २०२१ मध्ये हजारो संशोधकांनी 'मी हाना आहे' म्हणत ट्विटरवर आपापले करार मांडले. मीही मांडला होता. माझ्या तिसऱ्या कराराची मुदत होती सात महिने.

दोन घड्याळं आत्ताच भिंतीला लाव. युरोपची मारी क्युरी फेलोशिप पीएचडीनंतर आठ वर्षांच्या आत. आपल्याकडे इन्स्पायर फॅकल्टीला सर्वसाधारण वयोमर्यादा ३२, आणि नॅशनल पोस्टडॉक फेलोशिपला ३५. बायकांना वयात सवलत असते, ती त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाच. तू तीस आहेस म्हणजे घड्याळं चालू झालेली आहेत. मला हे तेहेतिसाव्या वर्षी कळलं.

आणि मुलाखतीत शेवटी ते विचारतात ना, तुला काही विचारायचं आहे का? तेव्हा पगार विचारू नकोस, तो तक्त्यात मिळेल. विचार, तुमच्या लॅबमधून गेलेले शेवटचे पाच पोस्टडॉक आज कुठे आहेत. उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही बघ.

गजालवाला | १३ ऑगस्ट, सकाळी ७:१०

शेवटचे पाच खंय आसत ह्यो प्रश्न लगीन ठरवतानाय विचारूक होयो.

किहीमकर | १३ ऑगस्ट, सकाळी ११:२५

आमच्या किनाऱ्यावरची एक जुनी गोष्ट सांगतो. सालिम अली मुंबईच्या म्युझियममध्ये गाइड लेक्चरर होते. नोकरीतून रजा घेऊन बर्लिनला गेले, तिथे श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. १९३० साली परत आले तर पैसे नाहीत म्हणून जागाच काढून टाकलेली. आजच्या भाषेत फॉरेन रिटर्न, बेकार. मग येऊन राहिले आमच्या किहीमला, आणि घराजवळच्या सुगरणींची घरटी बघत बसले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते, मग नर दुसरं विणायला घेतो. हे त्या बेकारीत नीट टिपलं गेलं. त्यांचं नाव पुढे आलं त्यात या कामाचा वाटा मोठा. तेव्हा करवंद, घरी बसणं म्हणजे वाया जाणं नव्हे.

तासिकावाली | १३ ऑगस्ट, दुपारी १२:०२

किहीमकर, गोष्ट छान आहे, पण ती आमच्यासारख्यांना ऐकवू नका हो. त्यांना किहीमला राहायला घर होतं आणि घरात सांभाळून घेणारं माणूस होतं. नोकरी गेल्यावर सुगरण बघत बसायला आधी छप्पर लागतं. आमचे प्राचार्यही दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या भाषणात, असल्याच गोष्टी सांगतात आणि मग बिलावर सही करायला पंधरा दिवस लावतात.

किहीमकर | १३ ऑगस्ट, दुपारी १२:४०

मान्य. माझी पेन्शन चालू आहे, म्हणून मला गोष्ट गोड लागते.

टॉर्चवाला | १३ ऑगस्ट, रात्री ९:४८

त्या अकरा महिन्यांच्या कराराबद्दल लिहितो. मी एमएस्सी झूलॉजी. किनाऱ्यावरच्या कासवांच्या कामात प्रकल्प सहायक म्हणून तीन हंगाम काढले.

काम असं. रात्री-पहाटे किनारा चालायचा, लाल टॉर्च, मादीच्या पायांचे माग शोधायचे. गावातला कासवमित्र आपल्या आधी पोचलेला असतो, हे कायम. घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, ती मोजून हॅचरीत त्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, वाळूचं तापमान लिहायचं, कारण पिल्लं नर होणार की मादी ते त्या उष्णतेवर ठरतं. मग पन्नासेक दिवस थांबायचं.

२०२२ च्या जानेवारीत वेळासला पहिल्या मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला, तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं, ते पेपरात तुम्ही वाचलं असेल. २०२५ च्या जानेवारीत तर कमाल झाली. ओडिशात २०२१ मध्ये पायाला टॅग लावलेली मादी, नंबर ०३२३३, थेट गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनारा सोडून पश्चिमेला! तो नंबर टॉर्चखाली बघितला त्या माणसाचा मला अजून हेवा वाटतो.

पण कासवाच्या टॅगचा नंबर चार वर्षांनीही कोणीतरी ओळखला, आणि माझा करार संपल्यावर दोन महिन्यांत माझा ऑफिसचा ईमेल बंद झाला. तीन हंगामांचा डेटा तिथेच. पेपर निघाला तेव्हा आभारांत नाव होतं, आडनाव चुकलेलं.

सरकारी प्रकल्पात जाणार असशील तर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी लेखी घे. डेटा कोणाचा आणि पेपरवर नाव कोणाचं. रुसून बसतील, बसू देत. आणि करार संपल्यावर नवा निघेपर्यंतचा महिना-दीड महिना बिनपगारी जातो, तेवढे पैसे बाजूला ठेव. मी आता होमस्टे चालवतो. हंगामात पाहुण्यांना कासवं दाखवतो, तेव्हा पैसे जास्त मिळतात. याचं काय वाटून घ्यायचं ते मलाच ठरवता आलेलं नाही.

स्वल्पविराम | १४ ऑगस्ट, सकाळी १०:३३

यादीत नसलेली आणखी एक वाट. मी रत्नागिरीत घरून मेडिकल रायटिंग करते. पीएचडी बायोकेमिस्ट्री, नंतर पोस्टडॉक केलाच नाही. औषधांच्या चाचण्यांचे अहवाल, रुग्णांसाठीची माहितीपत्रकं, नियामकांना द्यायची कागदपत्रं, असं काम. पीएचडीत शिकलेली कोणती गोष्ट रोज वापरते? तक्त्यातला आकडा आणि मजकुरातला आकडा जुळत नाही हे एका नजरेत दिसणं. बस्स. बाकी सगळं नव्याने शिकले. जूनमध्ये वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर गेला की बहिणीकडे मारुती मंदिरला. माझ्या गाइडनी सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, 'सायन्स सोडलंस' म्हणून. परवा त्यांनीच त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थिनीसाठी फोन केला, तिथे जागा आहे का विचारायला.

लोटेकर | १४ ऑगस्ट, सकाळी ११:०१

गाइड लोकांना विद्यापीठापलीकडचं जग माहीत नसतं यात त्यांचा दोष नाही. त्यांनी ते बघितलेलंच नाही. त्यांच्याकडे दहा मुलं पीएचडी करतात, त्यांची खुर्ची एक. बाकी नऊ कुठे जातात याची वही कोणी ठेवत नाही. आम्ही पाण्याच्या एका नमुन्याची वही पाच वर्षं ठेवतो.

राइनकाठी | १४ ऑगस्ट, दुपारी ४:१५

लोटेकर, हे वाक्य मी छापून लॅबच्या दारावर लावणार आहे. जर्मनमध्ये.

करवंद | २१ ऑगस्ट, रात्री ९:०६

मुलाखत झाली. राइनकाठी, विचारलं मी. त्या बाई दोन सेकंद गप्प. मग बोटांवर मोजायला लागल्या. एक जपानला प्राध्यापक. दोघं औषध कंपन्यांत, त्यातल्या एकाशी अजून एकत्र पेपर लिहितात. एक शाळेत जीवशास्त्र शिकवते, आणि ती खूश आहे असं त्यांनी आपणहून सांगितलं. पाचवा? तो कुठे गेला ते माहीत नाही, शोधून कळवते, म्हणाल्या. मला वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल. पाचवा सायकलचं दुकान चालवतो, आणि त्याने मला त्याचा नंबर द्यायला परवानगी दिली आहे.

मी त्याच्याशी अर्धा तास बोलले. लॅबबद्दल त्याने जे सांगितलं ते इथे लिहीत नाही, पण वाईट नव्हतं. तो बाहेर पडला कारण बायकोची नोकरी दुसऱ्या शहरात होती, दोघांचे करार एका गावात कधी आलेच नाहीत.

आईला अजून सांगितलं नाहीये.

गजालवाला | २१ ऑगस्ट, रात्री ९:४०

आवशीक सांग. नायतर ती काकू सांगतली.

कलमकाका | २२ ऑगस्ट, सकाळी ६:००

बाळ, गेलीस तरी बागेत मजूर कोण, पाणी कोण, याची व्यवस्था लावून जा. तीनशे कलमं म्हणजे गंमत नव्हे. बाबांचा प्रश्न माझ्या लक्षात आहे. पालवी फुटू दे, मग सांगतो.

करवंद | ९ नोव्हेंबर, रात्री १०:५५

धागा वर काढतेय.

व्हिसा आला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मोपा विमानतळावरून जातेय. करार दोन वर्षांचा, त्यातले चौदा महिने धरून चाललेय. सरकारी प्रकल्पाला नकार कळवला. त्यांनी 'ठीक आहे' एवढंच लिहिलं, दुसऱ्याच दिवशी जाहिरात पुन्हा लागली. तासिकावाली ताई, तुम्हाला व्यनि केलाय, स्वल्पविराम ताईंचा नंबर त्यात आहे. बघा तरी.

आईला सांगितलं तेव्हा ती आमसुलं उन्हात घालत होती. म्हणाली, "थंय कोकम मिळता?" मी म्हटलं, नाही. तेव्हापासून ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सोलं बांधतेय आणि मी वजनकाट्यावर पिशवी ठेवून परत काढतेय. बाबा अजून काहीच म्हणालेले नाहीत. फक्त माझा जुना मायक्रोस्कोप, कॉलेजात असताना सेकंडहँड घेतलेला, तो त्यांनी माळ्यावरून काढून पुसून ओट्यावर ठेवलाय. काल बघते तर त्याच्याखाली काजूचा कोवळा शेंडा. डोळा लावून मला म्हणतात, "ह्यो तुझो ढेकण्यो मेलो हसता माका."

कलमकाका, पालवी फुटली आहे. आता सांगा.

कलमकाका | १० नोव्हेंबर, सकाळी ५:५०

फवारण्या तीन. पहिली आत्ता, नवी पालवी कोवळी असतानाच. दुसरी मोहोर येताना. तिसरी फळधारणा होताना. दर वेळी औषध बदलायचं, तेच तेच मारलं की ढेकण्या सोकावतो. मोहोरावर मधमाश्या असतात, म्हणून ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी उशिरा. औषधाचं नाव आणि प्रमाण इथे लिहीत नाही, लोक न बघता वापरतात. बाबांना म्हणावं, डाग पडलेला शेंडा पिशवीत घालून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात घेऊन जा. सोमवारी सकाळी जा म्हणावं, शनिवारी कोणी भेटत नाही.

आणि मायक्रोस्कोपखाली कशाला बघतायत? ढेकण्या नुसत्या डोळ्यांनी दिसतो.